गांजाचं वजन कोण करतो?

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या वाचकपत्रांत सध्या गांजावरून चांगलीच जुंपली आहे. एक म्हणतो, कॅनडात दुकानात मिळतो, आपल्याकडंही मोकळा करा. दुसरा म्हणतो, मग पोरं वाया गेलीच म्हणून समजा. दोघांपैकी कुणी गांजाची गोणी कधी उचललेली नसावी असं वाचताना वाटलं. मी उचलली आहे. ती तिकडच्या दुकानातल्या डबीपेक्षा किती वेगळी असते हेही पाहून आलो आहे. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण वजनाचा भाग तेवढा ठेवा.

मी पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. शेवटची अकरा वर्षं सातपुड्याच्या पायथ्याशी एका ठाण्यात मुद्देमाल कारकून होतो. मुद्देमाल कारकून म्हणजे जप्त मालाचा राखणदार. चोरीच्या मोटारसायकली, कुऱ्हाडी, हातभट्टीचे कॅन, रक्ताचे कपडे आणि आमच्या भागात हमखास गांजा. कापसाच्या नाहीतर तुरीच्या उभ्या पिकात, जंगलाला लागून असलेल्या वावरात तो लावतात. शिवाय आंध्र-ओडिशाच्या सीमेवरून येणारा माल महामार्गानं जाताना सापडतो तो वेगळा.

खोली दहा बाय बाराची, वर पत्रा. उन्हाळ्यात तो तापला की असा वास सुटायचा की तक्रार द्यायला आलेला माणूस आधी नाकाला रुमाल लावायचा. घरी गेलो की बायको वर्दी अंगणातल्या दोरीवरच टाकायला लावायची. उंदरांसाठी डांबराच्या गोळ्या टाकायच्या, तरी गोणीला भोक पडायचंच. गोणीचं तोंड सुतळीनं शिवलेलं, वर लाखेचं सील, आत पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. प्रत्येक गोणीतून चोवीस-चोवीस ग्रॅमचे दोन नमुने काढायचे, एक प्रयोगशाळेत पाठवायचा आणि सी.ए. रिपोर्टची, म्हणजे रासायनिक तपासणीच्या अहवालाची, वाट पाहत बसायचं. अहवालात लिहून यायचं, हा गांजा आहे. आम्हाला ते वासावरूनच कळलेलं असायचं. त्यात शेंडा किती, काडी किती, हे मात्र त्या कागदावर कधी नसायचं.

वजनाची खरी गोष्ट इथं सुरू होते. १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुललेले-फळलेले शेंडे. शेंड्यांपासून वेगळी असलेली बी आणि पानं त्यात धरत नाहीत. म्हणून तर त्याच झाडाच्या पानांची भांग या कायद्याबाहेर राहिली. एक किलोपर्यंत गांजा म्हणजे अल्प प्रमाण, शिक्षा एक वर्षापर्यंत. त्याच्या वर वीस किलोपर्यंत दहा वर्षांपर्यंत. विसाचा काटा ओलांडला की व्यापारी प्रमाण, म्हणजे कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस, आणि जामीन जवळजवळ विसरा. सगळा खेळ काट्यावरचा. आणि काटा कोणाचा? छाप्याला निघताना गावातल्या किराणा दुकानदाराला पंचांबरोबर गाडीत घालायचं. त्याचा साखर-शेंगदाणे मोजायचा काटा त्याच्या मांडीवर.

२०१४मधलं एक प्रकरण सांगतो. नावगाव सांगत नाही. बावीस वर्षांचा पोरगा, दुसऱ्याच्या वावरात सालदार. मोटारसायकलवर दोन गोण्या, पाच हजार रुपये मिळतील म्हणून निघालेला. रात्री नाक्यावर धरला. बॅटरीच्या उजेडात वजन झालं, एकवीस किलो तीनशे ग्रॅम. गोण्यांसकट. त्यात बोटाएवढ्या जाड काड्या होत्या, पानं होती, बी होतं आणि माल अर्धवट ओला. काड्या वेगळ्या काढून कुणी मोजलं नाही. तशी पद्धतच नव्हती. त्यात वाईट हेतू होता असंही मी म्हणत नाही. रात्रीचे दोन वाजलेले, पंच जांभया देत होते आणि काट्याच्या मालकाला सकाळी दुकान उघडायचं होतं.

त्या तेराशे ग्रॅमनी पोरगा व्यापारी झाला. ज्याचा माल होता तो कधी सापडला नाही. आई दर सोमवारी ठाण्यात यायची, फडक्यात कळण्याची भाकरी बांधून. तिला वाटायचं, पोरगा अजून आमच्याच कोठडीत आहे. तो जिल्ह्याच्या तुरुंगात गेलाय हे मी तिला तीनदा सांगितलं. दोन वर्षं आणि काही महिन्यांनी वरच्या कोर्टात जामीन झाला, वकिलानं काड्या-पानांचा मुद्दा काढला तेव्हा. पुढं माल नष्ट करायची परवानगी आली आणि मी त्याच दोन गोण्या पुन्हा काट्यावर चढवल्या. पंधरा किलो आठशे. साडेपाच किलो हवेत गेला होता. हिरवा माल सुकला की काय उरतं हे आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. रजिस्टरात ‘सुकल्यामुळे घट’ असा शेरा मारला आणि सही केली. ती सही मला अजून दिसते.

असो. २०२३च्या उन्हाळ्यात लेकीकडं गेलो, कॅनडात, ब्रॅम्प्टनला. सहा महिने. टोरोंटोच्या बाजूचं हे गाव. निम्मी वस्ती आपल्याकडची म्हणावी इतके देशी लोक. जावईबापू रविवारी समोसे आणायला ज्या दुकानांच्या रांगेत न्यायचे, तिथं एक सोनार, एक दातांचा दवाखाना, मिठाईवाला आणि त्याला खेटून एक दुकान. काचा आतून पांढऱ्या केलेल्या, बाहेरून काही दिसू नये म्हणून. मी विचारलं, इथं काय मिळतं? जावई हळूच म्हणाले, ‘बाबा, तुमच्या खात्याचा माल.’

दुसऱ्या रविवारी मी एकटाच आत गेलो. साठी उलटलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस. दारातल्या मुलीनं मला ओळखपत्र विचारलं नाही, पण माझ्यापुढच्या दाढीवाल्या पोराला विचारलं. पंचविशीच्या आतला वाटला की विचारायचंच, असा नियम आहे. त्या प्रांतात, म्हणजे ऑन्टॅरिओत, घेणाऱ्याचं किमान वय एकोणीस. मला पहिली चुकचुक लागली ती वासाची. वासच नाही. मोबाइलच्या दुकानासारखं लख्ख. काउंटरवरच्या पोराला मी खरं तेच सांगितलं, बाळा, मी घेणार काही नाही, मी हिंदुस्थानात पोलीस होतो, मला फक्त लेबल वाचायचंय. तो हसला आणि त्यानं एक रिकामी नमुन्याची डबी हातात दिली. मला ती उघडेचना. झाकण दाबून फिरवायचं असतं, लहान मुलांना उघडू नये म्हणून. अकरा वर्षं ज्या माणसानं गोण्यांची लाख फोडली त्याला साडेतीन ग्रॅमची डबी उघडेना.

चष्मा लावून वाचलं. निव्वळ वजन ३.५ ग्रॅम. लॉट नंबर. पॅक केल्याची तारीख. नशेचा जो अंश, टीएचसी, तो टक्क्यांत. लाल अष्टकोनी खूण, आत पान. पिवळ्या चौकटीत तब्येतीचा इशारा. आणि सरकारी अबकारी तिकीट, प्रत्येक प्रांताचं वेगळ्या रंगाचं, आपल्या दारूच्या बाटलीवर बुचाला चिकटवतात तसं. केंद्र आणि प्रांत मिळून अबकारी कर ग्रॅममागं किमान एक डॉलर. दुकानदाराला माल थेट शेतावरून आणता येत नाही. ऑन्टॅरिओत घाऊक विक्री एकाच सरकारी कंपनीकडून होते, आणि परवाना, तपासणी वगैरे दारू-जुगाराचं नियंत्रण करणाऱ्या आयोगाकडं. शाळेपासून किमान दीडशे मीटर अंतर. माणसाजवळ बाहेर तीस ग्रॅमपर्यंत सुका माल चालतो. अल्पवयीनाला विकलात तर चौदा वर्षांपर्यंत तुरुंग. म्हणजे तिकडं ‘मोकळा’ केला असं म्हणणाऱ्यांनी नीट वाचलेलं नाही. मी पाहिलेल्या गांजात इतका बांधलेला गांजा दुसरा नव्हता.

मोजणारा बदलला, हा खरा फरक. आमच्याकडं विकणारा पुडी डोळ्यानं मोजतो, पोलीस गोणी किराण्याच्या काट्यावर मोजतो आणि घेणाऱ्याला वजनही कळत नाही, आत काय मिसळलंय तेही नाही. तिकडं ग्रॅमवर कर आहे, म्हणून प्रत्येक ग्रॅमचा हिशेब ठेवणारा कुणीतरी बसलेला आहे.

आता हे सगळं गोड वाटू नये. कॅनडानं गांजा १७ ऑक्टोबर २०१८ला कायदेशीर केला. ऑन्टॅरिओत पहिली दुकानं एप्रिल २०१९मध्ये उघडली, पंचवीस परवाने, तेही सोडत काढून, आपल्या म्हाडाच्या घरांसारखे. मी गेलो तेव्हा प्रांतात दीड हजारावर दुकानं होती. एकाच चौकात दोन-दोन, आणि निम्म्यांत गिऱ्हाईक नाही. चोरटा व्यापार कमी झाला, संपला नाही. लेकीच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये संध्याकाळी जो वास यायचा, तो मला थेट माझ्या मुद्देमालाच्या खोलीत नेऊन सोडायचा. लेक वैतागून म्हणायची, बाबा, दुकानात वास नाही तो इथं कुठून येतो?

सगळ्यात वाईट म्हणजे खाण्याचे पदार्थ. चॉकलेट, गोळ्या. २०१९च्या शेवटी त्यांना परवानगी दिली, एका पाकिटात दहा मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी नाही या अटीवर. तरी ऑन्टॅरिओसारख्या प्रांतांत गांजाची बाधा होऊन दवाखान्यात दाखल होणाऱ्या लहान पोरांचं प्रमाण वाढलं. क्विबेक प्रांतानं पोरांना भुरळ पडेल अशी मिठाई विकूच दिली नाही, तिथं तितकं वाढलं नाही. माझा नातू तेव्हा चार वर्षांचा होता. टेबलावर लाल-पिवळं काही दिसलं की तोंडात. झाकण दाबून फिरवायचं खरं, पण एकदा उघडलेली डबी कोण फिरवून बंद करतं? हे पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं, आपल्याकडं कधी काळी दुकान आलंच तर त्यात पेढा-बर्फीच्या रूपात काही विकू देऊ नये. आपली पोरं डबी उघडी दिसायची वाट बघत नाहीत, शोधून काढतात.

तिकडची एक गोष्ट मात्र आपल्या ओळखीची निघाली. ऑन्टॅरिओनं गावांना मुभा दिली होती, जानेवारी २०१९पर्यंत सांगा, दुकानं नकोत तर नकोत. ब्रॅम्प्टननं दुकानांना हो म्हटलं. शेजारच्या मिसिसागानं नाही म्हटलं आणि चार वर्षांनी, मी पोचायच्या जरा आधी, हो म्हटलं. मी जावयांना म्हटलं, ही तर आपली आडवी बाटली! आमच्याकडं बाया मतदान करून गावातलं दारूचं दुकान बंद पाडतात, ते सांगितलं. जावई पुण्यात वाढलेले, त्यांना खरंच वाटेना. मिसिसागाच्या त्या चार वर्षांत तिथली माणसं काय करत होती? मोठा रस्ता ओलांडून ब्रॅम्प्टनला येत होती. मी चंद्रपूरचं ऐकलेलं आहे. २०१५ला जिल्ह्यात दारूबंदी झाली, २०२१ला उठली, आणि मधल्या काळात बंदोबस्ताला गेलेले आमचेच लोक जिल्ह्याच्या हद्दीवरच्या गर्दीच्या गोष्टी सांगायचे. तरी गावाला नाही म्हणायचा हक्क असावा या मताचा मी आहे. बाईला रात्री मार खावा लागतो तिथं तिला मत पाहिजे. पण नाही म्हटल्यावर पिणं थांबतं असं मात्र तिला कुणी सांगू नये.

उलट्या टोकाचं उदाहरण थायलंडचं. जून २०२२मध्ये त्यांनी गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि दुकानांचे नियम नंतर करू म्हणाले. हजारो दुकानं उगवली. नियम काही होईनात. शेवटी २०२५मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नका म्हणून फिरले. मुंबई विमानतळावर बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांत सापडणाऱ्या गांजाच्या बातम्या तुम्हीच छापता. तिथं दुकानात रीतसर घेतलेला माल इथं उतरला की गुन्हा, हे पोरांच्या गावीही नसतं. कॅनडाहून येणाऱ्यांनाही सांगतो, गोळीचं एखादं पाकीट बॅगेच्या कप्प्यात राहून गेलं ही सबब आपल्या कायद्यापुढं टिकायची नाही.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्र सरकारनं उद्या मनात आणलं तरी दुकान उघडता येणार नाही. कायदा केंद्राचा आहे आणि त्याच्यामागं १९६१चा आंतरराष्ट्रीय करार आहे. राज्यांना औषधी आणि औद्योगिक लागवडीपुरती वाट आहे. उत्तराखंडनं ती धरली, हिमाचलनंही त्याच दिशेनं पाऊल टाकलं. गंमत अशी, की हा प्रश्न इंग्रजांनीही विचारून ठेवला होता. १८९३-९४मध्ये गांजा-भांगेवर आयोग बसला, मुंबई इलाख्यासकट देशभर हजारावर साक्षी झाल्या, सात खंडांचा अहवाल झाला. सांगणं एवढंच, सरसकट बंदी नको, लागवडीवर ताबा ठेवा, परवाने द्या, कर घ्या. अर्थात इंग्रजांना कराची गोडी होती, हे विसरून तो अहवाल वाचू नये. शिवाय तेव्हाचा गांजा आणि आताचा वीस टक्क्यांच्या वर टीएचसी असलेला माल एक नव्हे.

मला विचाराल तर प्रौढांसाठी परवान्याच्या दुकानाला माझा विरोध नाही. हे वाक्य लिहायला मला निवृत्तीनंतर चार वर्षं लागली. घाऊक व्यापार सरकारनं स्वतःकडं ठेवावा, वय आपल्या कडक दारूसारखं पंचवीस ठेवावं, मिठाई नको, पाटीवर पान नको आणि गावाला नाही म्हणता यावं. पण दुकानावर देखरेख कोण करणार, इथं माझा हात अडतो. रेशन दुकानाचा काटा मी पाहिलेला आहे. वैध मापनवाल्यांचा शिक्का त्यावर असतो, तरी बाई घरी जाऊन पुन्हा मोजते. दारूचे नवे परवाने आपण १९७०च्या दशकापासून गोठवून ठेवले. परिणाम एवढाच, की जुन्या परवान्यांना सोन्याचा भाव आला. आणि पिणाऱ्याला जो परवाना लागतो, तो खिशात असलेला माणूस मी नोकरीत बोटावर मोजण्याइतकाही पाहिला नाही. गांजाच्या दुकानाचंही हेच केलं, तर माझ्या सालदाराच्या जागी दुसरा सालदार येईल आणि परवान्याच्या जागी कुणाचा मेहुणा.

म्हणून मी दुकानाच्या आधीचं काम मागतो. ते करायला संसदेत नवा कायदा लागत नाही. जप्तीच्या जागी सरकारी शिक्क्याचा काटा. शेंडे वेगळे, काडी वेगळी, गोणीचं वजन वजा, आणि ओला असेल तर तसं पंचनाम्यात लिहायचं. २०२२च्या डिसेंबरात जप्ती आणि नमुन्यांचे नवे नियम आले. नमुने आता मॅजिस्ट्रेटसमोर काढायचे असतात, हे चांगलंच झालं. पण काडीचा प्रश्न अजून वकिलाच्या हुशारीवर सुटतो, आणि सालदाराला वकील कुठला? पुडीसह धरलेल्या, स्वतः ओढणाऱ्या पोराला व्यसनमुक्तीची वाट याच कायद्यात आहे, कलम ६४-अ. स्वतःहून उपचार घेतले तर खटल्यातून सूट. माझ्या अकरा वर्षांत ते कलम कुणी आरोपीला वाचून दाखवल्याचं मला आठवत नाही. मीही दाखवलं नाही.

शेवटी तुमच्याकडं एक मागणं. तुमच्या जिल्हा पानावर महिन्यातून दोनदा तरी बातमी असते, ‘अमुक किलो गांजा जप्त, किंमत इतके लाख’, खाली चार पोलीस आणि तोंडाला फडकं बांधलेला एक पोरगा. तो फोटो काढणाऱ्या वार्ताहराला एवढंच सांगा, की कॅमेरा आत ठेवण्याआधी साहेबांना विचार, साहेब, हे वजन ओल्याचं की सुक्याचं, आणि काड्यांसकट की काड्यांशिवाय? जे उत्तर मिळेल ते बातमीत छापा. मिळालं नाही तर तेही छापा.

आपला,
एक निवृत्त सहायक फौजदार
(नाव छापू नये, ही विनंती)
जि. धुळे